भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट अडकू नये म्हणून काय करायचं (पुणेकरांसाठी)

कर्वेनगरचा फ्लॅट सोडला तेव्हा मालकांनी 60 हजार डिपॉझिटमधले 18 हजार कलरचे म्हणून कापले. सोफ्यामागच्या भिंतीला ओल होती, पापुद्रे सुटलेले, आणि ती ओल आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून होती पण सिद्ध कशी करणार, फोटोच काढला नव्हता. मग बायकोच्या मोबाईलमध्ये सामान उतरवतानाचा एक फोटो सापडला, मुलगा खोक्यावर बसलाय आणि त्याच्या डोक्यामागे तोच डाग, तारखेसकट. तो आणि सोबत एक पत्र पाठवलं, तीन आठवड्यांनी 14 हजार परत आले. तेव्हापासून ओळखीत कोणी घर बदलत असेल तर मी मागे लागून हे सगळं करायला लावतो.

पहिलं म्हणजे अ‍ॅग्रीमेंट. "11 महिन्यांचंच आहे, नोटरी केली की झालं" असं सांगणारे एजंट अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार रजिस्टर नसताना भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. म्हणजे रजिस्टर करण्यात मालकाचाही फायदाच आहे. खर्च तरी किती, 20 हजार भाडं, 60 हजार डिपॉझिट, 11 महिने असेल तर स्टॅम्प ड्युटी साडेपाचशेच्या आसपास (0.25 टक्के) आणि शहरात रजिस्ट्रेशनचे 1000, वर एजंटची फी काय असेल ती. अंगठा-फोटो घरी येऊन घेतात.

सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: लॉक-इन (किमान किती महिने घर सोडता येणार नाही) किती, नोटीस पिरियड किती, आणि डिपॉझिटमधून नक्की काय काय कापणार. "पेंटिंग चार्जेस एक महिन्याचं भाडं" अशी ओळ बऱ्याच करारांत गुपचूप बसलेली असते. ती मान्य नसेल तर तेव्हाच बोला, सही केल्यावर बोलून उपयोग नाही.

राहायला जाल त्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी अर्धा तास द्या. भिंती, बाथरूमच्या टाईल्स, किचनचा ओटा, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या, महावितरणच्या मीटरचं रीडिंग, सगळ्याचा व्हिडिओ. मग लगेच मालकांना व्हॉट्सअ‍ॅप: "काका, आज ताबा घेतला, बेडरूमच्या पंख्याचा रेग्युलेटर बंद आहे, हॉलच्या भिंतीला ओल आहे, फोटो पाठवतोय." त्यांनी नुसतं "ओके" टाकलं तरी भरपूर आहे. भाडं बँकेतूनच द्या, कॅश द्यायची वेळ आलीच तर पावती घ्या.

सोडताना नोटीस लेखी द्या, फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. शेवटच्या दिवशी मालकांसोबत घर फिरून बघा, लाईट बिल आणि सोसायटीचं काही बाकी असेल तर क्लिअर करा, चावी देतानाच डिपॉझिटचा हिशोब मागा आणि चावी मिळाल्याचं दोन ओळींत लिहून घ्या. कापणार असतील तर कशाचे किती ते लेखी आणि बिलासकट. रोजच्या वापराने रंग फिका पडणं हे नुकसान नाही, ठामपणे सांगा.

तरी देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसकट पत्र पाठवा, त्यात रक्कम, तारखा, फोटो आणि 15 दिवसांची मुदत. अर्धी प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर वकिलाची नोटीस आणि मग दावा, तो 3 वर्षांच्या आत करावा लागतो.

पण एक चूक कृपा करून करू नका, डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणारच नाही म्हणून अडून बसणं. त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची (ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, आपला 11 महिन्यांचा असतो तोच करार) मुदत संपल्यावर राहिलात तर भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, हट्टापायी हातातले पैसे जातात. मालक सक्षम प्राधिकरणाकडे (घर रिकामं करून देण्याचे असे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करतात, तिथून समन्स आलं तर 30 दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. समन्स ड्रॉवरमध्ये टाकून देणारे मी पाहिलेत, त्यांना नंतर बोलायची संधीच मिळत नाही.

मालकांनाही तेच सांगेन, पाणी तोडणं, परस्पर कुलूप बदलणं यात पडू नका. लेखी लायसन्स करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो, तुमची बाजू आधीच भक्कम आहे.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंना यातलं लिव्ह अँड लायसन्सचं काही लागू नाही. तिथे भाडं वर्षाला 4 टक्के वाढतं, थकलं तर आधी नोटीस आणि 90 दिवसांची मुदत, आणि प्रकरण लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट).

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. जाताना करार, इंडेक्स टू (करार रजिस्टर झाल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), बँक स्टेटमेंट आणि चॅटचे प्रिंटआऊट घेऊन जा, नुसता मोबाईल दाखवून काम होत नाही.