कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंबही नाही?

नागपूरच्या मे महिन्यात बारीक गळती गरम इंजिनावरच वाळते, म्हणून फरशी कोरडी. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं (किंवा कूलंटच्या टाकीचं) झाकण काढून तिथे प्रेशर टेस्टर (दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप) लावा. झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच (बऱ्याच गाड्यांत १.१ बार) पंप मारा, जास्त दिला तर धड रेडिएटरही फुटेल. १५ मिनिटं थांबा.

काटा उतरला?

१. होजचे क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची कड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक टॉर्चने बघा. वाळलेला रंगीत डागही पुरे.
२. पुढच्या सीटपुढचं मॅट ओलं, वास गोडसर: हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर).
३. बाहेर काहीच नाही: हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलचा) संशय.

काटा हललाच नाही, तर झाकण तपासा. त्याचं रबर कडक झालं की दाब धरत नाही, आणि लोक उगाच रेडिएटर बदलतात.