आजोबांच्या धोतरावर निळा फोटो: सायनोटाइप ते गोधडी

जुन्या फोटोची मोठी प्रिंट काढून चौकटीत बसवली की भिंत भरते, पण त्याला कलाकृती म्हणता येत नाही. फोटो त्याच घरातल्या वापरलेल्या कापडावर उतरवायचा आणि कापड गोधडीत शिवायचं, हा त्याहून सकस मार्ग. त्यासाठी सायनोटाइपची, म्हणजे रसायन लावलेल्या कापडावर उन्हाच्या जोरावर निळा फोटो छापण्याची पद्धत सोयीची पडते. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ती १८४२ मध्ये शोधली. पुढे वास्तुरचनाकारांचे निळे नकाशे याच रसायनांतून निघाले. डार्करूम लागत नाही, ऊन आणि पाणी पुरतं.

आधी कापड. आजीची नऊवारी डोळ्यांसमोर येते, पण इरकलीसारख्या गडद लुगड्यावर निळं काही दिसणार नाही. फोटोसाठी पांढरं सुती धोतर, उपरणं किंवा पंचा घ्या. लुगडं गोधडीच्या काठाला आणि आतल्या थरांना वापरा. धोतर सुती आहे ना, हे एक धागा जाळून पाहा. कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली तर सूत. वितळून कडक गोळी झाली तर टेरिकॉट, ते बाजूला ठेवा. कापडात खळ राहिली असेल तर आयोडिनचा थेंब टाकल्यावर डाग काळानिळा होतो. अशा वेळी कापड रात्रभर गरम पाण्यात भिजत घाला आणि चोळून धुवा. वर्षानुवर्षं दिलेली नीळही या धुण्यात निघते.

धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि सोड्याने सायनोटाइपचा निळा रंग मरतो. म्हणून शेवटी साध्या पाण्यातून चार वेळा खळबळून काढा आणि पाचव्या पाण्यात लिटरमागे दोन चमचे व्हिनेगर घाला. फसलेल्या प्रिंटांचं मूळ बरेचदा या धुण्यातच असतं.

फोटो निवडताना चेहऱ्याइतकंच कडेला काय आलंय ते पाहा. ओसरीवरचा रेडिओ, भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातलं पितळी घंगाळं असलेला साधा फोटो स्टुडिओतल्या नेटक्या फोटोपेक्षा जास्त बोलतो. मात्र कापडाच्या विणीत बारकावे हरवतात, त्यामुळे मुख्य चेहरा प्रिंटमध्ये निदान तीन सेंटिमीटर उंच यायला हवा. ६ × ९ सेंटिमीटरचा जुना फोटो तिप्पट मोठा करायचा तर स्कॅन ९०० डीपीआयच्या (दर इंचाला ९०० ठिपके) खाली नको. १२०० वर करून ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. चिरा, वाळवीची भोकं, मागून उमटलेली शाई संगणकावर पुसण्याचा मोह आवरा. गालावर पडलेला डाग तेवढा काढायला हरकत नाही, पण फाटका कोपरा फाटकाच राहू द्या.

दोन फोटो एकत्र करायचे असतील तर चित्रकार विवान सुंदरम यांची 'रीटेक ऑफ अमृता' ही मालिका पाहाच. आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो घेऊन त्यांनी २००१-०२ मध्ये संगणकावर जोडचित्रं रचली. मावशी, चित्रकार अमृता शेरगिल आणि घरातली इतर माणसं त्यांत वेगवेगळ्या काळांतून येऊन एकाच खोलीत उभी राहतात. ही युक्ती जमते ती उजेडाची दिशा जुळवल्यामुळे. आजी पंचविशीची आणि नात पंचविशीची शेजारी बसवताना दोघींवर डावीकडूनच उजेड हवा, नाहीतर नात कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

निगेटिव्ह असं करा: फोटो कृष्णधवल करा, सावल्या थोड्या उजळा (कापडावर त्या बुजून एकच निळा ढिगारा होतो), मग रंग उलटे करा आणि शेवटी चित्र आरशातल्यासारखं फिरवा. फिरवलं म्हणजे शीटची छापलेली बाजू थेट कापडावर टेकते आणि कडा तीक्ष्ण येतात. इंकजेट प्रिंटरच्या ओएचपी (पारदर्शक प्लास्टिकच्या) शीटवर सर्वांत गडद सेटिंगने छापा. लेझरवर छापायचं असेल तर शीट लेझरचीच हवी, दुसरी आत वितळून यंत्र बिघडवते. काळा भाग खिडकीसमोर धरल्यावर पलीकडचं दिसत असेल तर दोन शीट एकावर एक नेमक्या बसवून चिकटवा.

रसायनं प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. पहिल्या बाटलीत हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पाणी १०० मिली. दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम आणि पाणी १०० मिली. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या, बोअरचं नको. बाटल्या तपकिरी असाव्यात, नाव-तारीख लिहिलेल्या, मुलांच्या हाताला न लागणाऱ्या. पहिल्या बाटलीत काही आठवड्यांनी बुरशी धरते. ती कॉफीच्या फिल्टरमधून गाळली की द्रावण चालतं. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि फेरिसायनाइडजवळ बाथरूम साफ करायचं ॲसिड आणू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

लागेल तेवढंच, दोन्ही द्रावणं समभाग मिसळा. ए-फोर मापाच्या धोतराच्या तुकड्याला ८ ते १० मिली पुरतं. तुकडा चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर जास्त कापा. पडदे ओढून मंद पिवळ्या बल्बखाली फोमच्या ब्रशने आधी आडवा, मग उभा हात द्या. लोखंडी पट्टीचा ब्रश, टाचण्या, गंजकं घमेलं काही नको. लोखंडाचा कण लागला की तिथे निळा ठिपका पडतो. तुकडा दोरीवर टांगला तर द्रावण उतरून खालच्या काठाला गडद पट्टा येतो, म्हणून प्लास्टिकच्या जाळीवर आडवाच वाळवा. जिथे रफू केलेलं असतं तिथे दुहेरी सूत जास्त द्रावण पितं आणि ती जागा शेजारच्या कापडापेक्षा गडद उठते. रफू चेहऱ्यावर येणार नाही इतकं पाहा. बाकी प्रिंटमध्ये ते जरूर येऊ द्या. कुणीतरी सुईने भरलेली ती चौकोनी जाळी निळ्यात जशी दिसते तशी मुद्दाम काढून दाखवता येत नाही.

तुकडा खडखडीत वाळलेला हवा. ओल राहिली तर उन्हात काचेखाली वाफ धरते, निगेटिव्हची शाई कापडावर उतरते आणि प्रिंट धुरकट होते. वाळल्यावर तो त्याच दिवशी वापरा. कोकणातल्या पावसाळ्यात पिवळसर लेप एका रात्रीत हिरवा-निळा पडतो. असा तुकडा बाद.

खाली प्लायवूड, त्यावर फोमची पातळ शीट, मग कापड, निगेटिव्ह आणि पाच मिलिमीटर जाडीची काच असा थर लावा. चारी बाजूंना बाइंडर क्लिप घट्ट बसवा. हिवाळ्यात अकरा ते दोनच्या उन्हात साधारण १० ते २० मिनिटं लागतात. ढगाळ दिवशी दुप्पट-तिप्पट. अंदाजावर जाऊ नका. एका चिंधीवर काळ्या पुठ्ठ्याने झाकत ५, १०, १५, २० मिनिटांच्या पट्ट्या आधी काढा. उघडा भाग निळा होऊन मग राखाडी, जवळजवळ कांस्यासारखा झाला की ऊन पुरलं. घाई केली तर धुताना अर्धं चित्र पाण्याबरोबर जातं.

पहिल्या पाण्यात लिटरला चमचाभर व्हिनेगर घाला, मग पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं पाणी बदलत राहा. पिवळं उरलं तर पांढरे भाग पुढे निळसर होत जातात. निळा पूर्ण उघडायला हवेत एक दिवस लागतो. थांबायचं नसेल तर लिटरभर पाण्यात केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर घाला, रंग क्षणात गडद होतो. चहात बुडवून प्रिंट तपकिरी करता येते, पण करू नये. तपकिरी फोटो म्हणजे जुना काळ, हे बाजाराने ठरवलेलं समीकरण आहे. निळ्यात चेहरा नव्याने पाहावा लागतो.

शिवताना पाठीला लुगड्याचं कापड, मध्ये जुन्या सुती साड्यांचे दोन-तीन थर आणि वर प्रिंटचे तुकडे. आधी सगळं लांब कच्च्या टाक्यांनी धरा, नाहीतर विरलेलं धोतर तिरपं ओढलं जाऊन चेहरा वाकडा होतो. मग बाहेरच्या काठापासून आत येत पाच-सहा मिलिमीटरचा धावदोरा घाला, ओळींत बोटभर अंतर ठेवून. डोळ्यांवरून ओळ नेऊ नका, तिथे वळून जा. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा जीर्ण कापड चिरतो.

टांगण्यासाठी मागे सहा सेंटिमीटरची पोकळ पट्टी शिवून त्यातून लाकडी दांडी घाला. गोधडी पावडरीने धुवायची नाही, फक्त झटकायची. थेट उन्हासमोरच्या भिंतीवर निळा फिका पडतो. तसं झालं तर गोधडी काही दिवस अंधाऱ्या कपाटात, हवा खेळेल अशी सैल घडी करून ठेवा, रंग बराचसा परत येतो.