पँथर रणगाड्याच्या मॉडेलवर झिमेरिटचा लेप

१:३५ प्रमाणातील पँथर रणगाड्याच्या अनेक किटमध्ये चिलखताचे भाग गुळगुळीत असतात. प्रत्यक्षात मात्र साधारण सप्टेंबर १९४३ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत जर्मन कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पँथरवर झिमेरिट नावाचा खडबडीत लेप असे. चुंबकाने चिकटणारे सुरुंग पोलादाला थेट भिडू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, पिवळे मातकट रंगद्रव्य, झिंक सल्फाइड आणि लाकडाचा भुसा यांचे ते मिश्रण होते. म्हणून आपले मॉडेल कोणत्या महिन्यातील रणगाड्याचे आहे, हे आधी ठरवावे. ऑक्टोबर १९४४ नंतर तयार झालेल्या ‘जी’ प्रकारच्या पँथरवर हा लेप दाखवणे चूक ठरते.

या कामात सर्वाधिक घात होतो तो जाडीमुळे. मूळ लेपाची जाडी एक सेंटिमीटरपेक्षाही कमी असे. त्यामुळे १:३५ प्रमाणात ती पाव मिलिमीटरच्या आसपासच राहायला हवी. माझ्या पहिल्या प्रयत्नात रणगाड्याची बाजू नांगरलेल्या शेतासारखी दिसू लागली होती आणि ती सगळी खरवडून काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

लेपासाठी दोन भाग एकत्र मळून वापरायची इपॉक्सी पुटी घ्यावी, कारण ती सावकाश घट्ट होते आणि नक्षी उठवायला पुरेसा वेळ देते. मळताना हातमोजे घालावेत. प्लॅस्टिकचा पृष्ठभाग आधी ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावा, नाहीतर पातळ थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. अवजारांचे पट्टे, हुक आणि कंस जिथे चिकटवायचे आहेत, त्या जागा पेन्सिलीने आखून कोऱ्या सोडाव्यात. मॉडेलचा नेहमीचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, पुटीवर त्याचा उपयोग होत नाही.

एका वेळी एकच बाजू हाती घ्यावी. पुटीची छोटी गोळी ओल्या बोटाने दाबत पसरवावी आणि प्लॅस्टिकचा रंग जवळजवळ जाणवू लागेल इतकी ती ताणावी. सुमारे वीस मिनिटांनी चिकटपणा कमी झाला की बारीक स्क्रूड्रायव्हरचे पाते पाण्यात बुडवून एकेक कंगोरा दाबत जावे. रेघ ओढू नये, कारण ओढल्याने पुटी पुढे सरकून ढीग होतो. काही पँथरवर उभ्या रेघांनी तोडलेले आखूड आडवे कंगोरे दिसतात, तर काहींवर लहान चौकोन. अल्केट कारखान्याच्या ‘स्टुग ३’ या बिनबुरुजाच्या जर्मन तोफगाड्यावर तर जाळीदार, वॅफलसारखी नक्षी असे. त्यामुळे निवडलेल्या वाहनाचे छायाचित्र समोर ठेवून बाजूच्या एकूण उंचीत किती कंगोरे बसतात ते मोजावे आणि तेवढेच उठवावेत. ओळी थोड्या वाकड्या गेल्या तरी चालते; मूळ काम हातानेच होत असे, आणि अगदी फूटपट्टीने आखलेली नक्षी उलट खोटी वाटते.

चाके, पट्टे, धुराच्या नळ्या आणि छताचा आडवा भाग लेपाविना ठेवावा. झडपा आणि बिजागऱ्यांच्या फटींत शिरलेली पुटी ओली असतानाच टोकदार काडीने काढावी.

उडालेले तुकडे दाखवायचे असतील तर पुटी अर्धवट घट्ट असताना कटरच्या टोकाने कडेचे, ठोकर लागणाऱ्या कोपऱ्यांवरचे छोटे भाग उचलावेत. एक दिवस सुकू दिल्यावर पूर्ण मॉडेलला प्राइमर मारावा. रंगकामात या उघड्या जागी गडद तांबूस रंग द्यावा, कारण लेपाखाली पोलादावर लाल ऑक्साइडचा थर असे. खळग्याच्या तुटक्या कडेला मात्र पिवळसर रंगाची अगदी बारीक रेघ ओढावी, तो झिमेरिटचा स्वतःचा रंग होय.