कपाटावरच्या जुन्या लॅपटॉपवर वाचन आणि गेम: धूळ, ऊन आणि लाईट धरून

२०२० च्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला, नाहीतर पोरगं इंजिनिअरिंगला लागलं तेव्हाचा, असा एक लॅपटॉप बऱ्याच घरांत कपाटावर पडून असतो. चालू व्हायला पाच-सात मिनिटं घेतो, पंखा घरघरतो, म्हणून कुणी हात लावत नाही. त्यावर मराठी पुस्तकं आरामात वाचता येतात आणि हलके गेमही चालतात. फक्त पैसे कशात आधी घालायचे हा क्रम चुकवू नका: आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), तिच्यासाठी खोललंच आहे तर साफसफाई, आणि शेवटी रॅम. बहुतेक लोक उलटं करतात. रॅम वाढवून आणतात आणि मशीन होतं तिथंच रखडतं.

खर्च करण्याजोगं मशीन आहे का ते आधी बघा. इंटेलची चौथी ते सातवी पिढी असेल तर बिनधास्त पुढं जा. मॉडेल नंबरात आय-५ नंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो. आय-५ ४२१० म्हणजे चौथी. तिसरीही वाचनाला पुरते. ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे साठवणुकीची चिप, बोर्डावरच चिकटवलेले स्वस्तातले छोटे लॅपटॉप मात्र सोडून द्या, त्यात बदलण्यासारखं काही नसतं. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसत असेल तर बॅटरी फुगलीय. ती दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला तर लावायचीच नाही. काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बरेच जुने लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतात.

खोलताना अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बॅटरी आतून बसवलेली असेल तर झाकण निघाल्यावर पहिल्यांदा तिचा कनेक्टर सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या कीबोर्डाला टेंगूळ येतं. म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जिथला स्क्रू तिथंच टोचून ठेवा. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या खोबणीत एखादा लपलेला असतो.

आता पंखा. आपल्याकडची धूळ नुसती माती नसते. जिनिंगच्या आसपास, किंवा घरात कापूस साठवला जातो तिथं, तंतू आत जातात आणि पंखा व तांब्याच्या जाळीच्या मधोमध नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून ब्लोअर मारला की हा थर निघत नाही, जाळीत आणखी घट्ट बसतो. पंख्याचे तीन-चार स्क्रू काढून पंखा उचला, थर चिमट्यानं सलग ओढून काढा, मग जाळीतून हवा मारा. हवा मारताना पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. कूलरसमोर वापरलेल्या मशीनमध्ये हीच धूळ ओली होऊन वाळलेली असते आणि बोअरच्या पाण्याचा क्षारही बसतो. ती मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनंच सुटते. लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवायचा नाही, बाजूला ठेवायचा.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी तांब्याची पट्टी, काढलाच तर त्याखालची उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट त्याच अल्कोहोलनं पूर्ण पुसा. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, प्रोसेसरच्या चकचकीत चौकोनाच्या मध्यावर. ती पसरत बसायची गरज नाही, दाबानं आपोआप पसरते. हीटसिंकवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमानं स्क्रू थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरीकडे फट राहते आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. शेजारच्या चिपांवर मऊ रबरी पॅड असतील तर तिथं पेस्ट भरू नका; पॅडची जाडी पेस्ट भरून काढू शकत नाही.

एसएसडी अडीच इंची, साटा (जुन्या डिस्कचाच कनेक्टर), २४० किंवा २५६ जीबीची पुरे. कारण साधं आहे: ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपासच वेगवेगळ्या जागी पोचते, साधी एसएसडी हजारो ठिकाणी. सिस्टिम सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचल्या जातात, सगळा वेळ तिथंच जातो. एसएसडी ७ मिलिमीटर जाड असते, जुनी डिस्क बहुधा ९.५, म्हणून सोबतची प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर कनेक्टर हलतो. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घाला. लग्नाचे फोटो आणि जुन्या फायली तिथंच सुरक्षित राहतात.

रॅम वापरलेला चालतो, वापरलेली एसएसडी नको. रॅम सहसा झिजत नाही, एसएसडी लिहून लिहून झिजते. चौथ्या पिढीपासून पुढं डीडीआर-३ लागत असेल तर तो डीडीआर-३एल, म्हणजे १.३५ व्होल्टचा हवा. नुसता १.५ व्होल्टचा आणला की पडदा काळाच राहतो आणि दुकानदार बोर्ड गेला म्हणतो. शक्य असेल तर ८ जीबीची एक पट्टी न घेता ४-४ च्या दोन घ्या. यातल्या बऱ्याच मशीनना वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, गेमची चित्रंही याच रॅममधून जातात, आणि दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुप्पट रुंद होतो. वाचनात फरक कळणार नाही, गेममध्ये लगेच कळतो.

विंडोज १० ला सर्वसाधारण अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तरच. आडमार्गानं बसवता येतं, पण ४ जीबीवर ते ओढत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. तिची इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल सुमारे ३ जीबी, म्हणजे दिवसाला दीड-दोन जीबीवाल्या रिचार्जवर एका दमात उतरत नाही. जिथून उतरवाल तिथं चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा कोड) ताडून बघा, अर्धवट फाइल इन्स्टॉल होताना मध्येच दगा देते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचरनं ती लिहा. पेन ड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो, त्यासाठी डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, असूसवर एस्केप. एसरवर एफ-१२ चालतं, पण आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ते सुरू करावं लागतं.

लगेच इन्स्टॉल दाबू नका. पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं तपासा. वायफाय दिसत नसेल तर घाबरायचं कारण नाही: फोन केबलनं जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं. मग ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर उतरवून घेतो. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड रेडवरून एएचसीआयवर आणा. इन्स्टॉल झाल्यावर टाइमशिफ्टला (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणाऱ्या प्रोग्रामला) दोनच प्रती ठेवायला सांगा, नाहीतर ते काही महिन्यांत डिस्क भरून टाकतं.

वाचनाची मांडणी हा खरा निगुतीचा भाग. १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर इंचाला साधारण १०० ठिपके असतात. चांगल्या ई-रीडरवर ३००. इंग्रजी अक्षर १०० ठिपक्यांवर निभावतं, पण ‘क्ष्म’, ‘द्ध्य’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरं बारीक टाइपात चिखल होतात. म्हणून नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्त फॉन्ट घ्या, आकार २० च्या खाली नको आणि ओळींतलं अंतर १.६ ते १.७ ठेवा. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना जागा लागते. इंग्रजीसाठी ठेवलेलं १.२ चं अंतर मराठीत ओळीवर ओळ चढवतं. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फायलीसाठी फोलिएट, संग्रह लावायला कॅलिबर. पीडीएफसाठी ओक्युलर घ्या आणि त्यातली समास छाटायची सोय चालू करा. पानाच्या कडेचा पांढरा भाग गेला की त्याच पडद्यावर अक्षर बऱ्यापैकी मोठं होतं. पांढऱ्या पानाचा त्रास होत असेल तर रंग बदलून फिकट पिवळा कागद करता येतो.

जुन्या मराठी पीडीएफमधून ओळ कॉपी केली की भलतीच चिन्हं येतात, शोधही लागत नाही. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेली असते. दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरांचे कोड. कन्व्हर्टर शोधत बसण्यापेक्षा चित्रातली अक्षरं ओळखणारं जी-इमेज-रीडर घ्या, त्यात टेसरॅक्टचं मराठी पॅक टाका आणि पान ३०० डीपीआयवर ओळखायला द्या. रफार आणि अनुस्वार तपासावेच लागतात. कागद पिवळा पडलेल्या, शाई फुटलेल्या स्कॅनवर फार आशा ठेवू नका.

पुस्तकं कुठून? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, मराठी विश्वकोश, ई-साहित्य प्रतिष्ठान, आणि विकिस्रोतावरचं संतवाङ्मयही आहे. लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं उलटली की भारतात हक्क संपतो, त्यामुळे जुन्या लेखकांचं पुष्कळ काही रीतसर मोकळं आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या गठ्ठ्यांच्या नादी लागू नका. अर्धी पानं गायब आणि वर लेखकाचं नुकसान.

गेमच्या बाबतीत अपेक्षा ताळ्यावर ठेवली की मजा येते. ओपनटीटीडी, बॅटल फॉर वेसनॉथ, लुआंटी, सुपरटक्सकार्ट हे फुकट आहेत आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच बसतात. झिरो एडीसुद्धा चालतो, मात्र लोकसंख्येची मर्यादा १०० वर आणा. सैन्य वाढलं की सगळा हिशोब प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो आणि खेळ अडखळतो. त्यात मौर्य आहेत, सातवाहन नाहीत. पैठणकरांनी राग मानू नये. स्टीम या गेमच्या दुकानातले विंडोजचे गेम त्याच्याच प्रोटॉन या सोयीतून लिनक्सवर चालतात, पण प्रोटॉनला वल्कन ही ग्राफिक्सची प्रणाली लागते आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सवर ती अर्धवट आहे. तिथं गेम उघडून लगेच बंद होतो, मग लोक पुन्हा पुन्हा डाऊनलोड करून डेटा घालवतात. सहाव्या पिढीपासून पुढं ही अडचण नाही. व्हॅलोरंटसारखे गेम लिनक्सवर चालतच नाहीत, कारण त्यांचं खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं.

नेट नसेल तर दोन लॅपटॉप साध्या लॅन केबलनं जोडा. एका मशीनवर नेटवर्कच्या आयपीव्ही-४ खाली ‘शेअर्ड टू अदर कम्प्युटर्स’ निवडा, दुसऱ्यावर काही बदलू नका. ओपनटीटीडी किंवा वेसनॉथ असा रात्रभर खेळता येतो, एक एमबीही खर्च न होता.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेर ४३ असतं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. प्रोसेसर १०० अंशांजवळ पोचला की स्वतःच वेग पाडतो. गेम दहा मिनिटं नीट चालून मग अडखळतो तो यामुळे. रेझोल्यूशन कमी करा आणि सेकंदाला फ्रेम ३० वर बांधून ठेवा. ६० साठी धडपडत राहिलेलं मशीन फुकट तापतं. विंडोज ठेवलं असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. दुपारी वाचा, खेळायचं ते रात्री. गादीवर ठेवून तर कधीच नको, हवा खालून आत जाते.

राहिली लाईट. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाबानं त्याचं फारसं बिघडत नाही; बिघडतं ते लाईट परत येतानाच्या झटक्यानं. डीपीवर काम चालू असेल, लाईट ये-जा करत असेल, तर अडॅप्टर काढून ठेवा आणि येऊन पाच मिनिटं झाल्यावर लावा. स्पाइक गार्ड घ्या, पण तो अर्थिंगशिवाय अर्धाच कामाचा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात, ती बहुधा अर्थिंग नसल्याची खूण. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, म्हणून पावसाळ्यात नीट असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कुचकामी होतं. खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता, सांडपाणी चालतं.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास असतात. निम्मीच वापरायची आणि वाटेतली घट धरायची, तर हातात ७०० च्या आसपास उरतात. लॅपटॉप ४० वॉट, छताचा पंखा ७०, दोन दिवे २०, मिळून १३०. म्हणजे पाच तास निघतात. कूलर त्याच लाइनवर टाकला की हा हिशोब कोलमडतो.