घरी बनवलेला गिटार ॲम्प्लिफायर विकताना या चुका टाळा

स्वतःसाठी बनवलेला व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) ॲम्प्लिफायर आणि विकण्यासाठी बनवलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर यांचे सर्किट एकच असू शकते. फरक पडतो तो वापरणाऱ्याच्या माहितीमुळे. मागचे झाकण काढण्यापूर्वी किती वेळ थांबायचे, कुठे बोट लावायचे नाही आणि कोणता वास आला की प्लग ओढायचा, हे बनवणाऱ्याला पाठ असते. विकत घेणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते, आणि त्याच्याकडून पुढे ज्याच्या हाती ते यंत्र जाईल त्याला तर बनवणाऱ्याचे नावही ठाऊक नसण्याची शक्यता असते. त्यामुळे ‘उद्या कोणाला शॉक बसला तर माझे काय होईल’ ही काळजी रास्तच आहे. मात्र बहुतेक जण या काळजीवरचा उपाय कागदात शोधतात आणि धोका मात्र वीजपुरवठ्याच्या सॉकेटपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वीतभर जागेत तसाच राहतो.

शेरा लिहिला म्हणजे सुटलो, असे समजणे

‘स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे’ किंवा ‘अपघात झाल्यास निर्माता जबाबदार नाही’ असा शेरा मागच्या पट्टीवर छापणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. सदोष वस्तूमुळे शारीरिक इजा झाली, तर निर्मात्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध न करताही त्याला जबाबदार धरता येते, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत रुजलेले आहे. युरोपमध्ये ते १९८५ च्या उत्पादन दायित्वविषयक निर्देशाने आले आणि त्याच निर्देशात असेही नमूद होते की, ही जबाबदारी कोणत्याही कराराने किंवा शेऱ्याने टाळता येणार नाही. वर्षाला दोन नग बनवणारा हौशी कारागीर लहान आहे म्हणून आपोआप सुटत नाही.

सूचनेला अर्थ नसतो असे नाही. चांगली बांधणी करूनही जो धोका शिल्लक राहतो, तो सांगण्यासाठी सूचना असते: ओल्या जागी वापरू नये, स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावा. पण दोष तसाच ठेवून त्यावर चिकटवलेली सूचना उलट घातक ठरते, कारण धोका माहीत असूनही तो दूर केला नाही, असा कबुलीजबाबच निर्मात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला असतो.

जुने आराखडे डोळे मिटून उतरवणे

सर्किट उतरवण्याची या क्षेत्रात जुनी परंपरा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तयार झालेला मार्शलचा ‘जेटीएम ४५’ हा फेंडरच्या ‘बासमन’वरून बेतलेला होता, हे सर्वज्ञात आहे. त्यामुळे आवाजासाठी जुने आराखडे वापरण्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो त्या आराखड्यांतील वीजपुरवठ्याचा भागही जसाच्या तसा उतरवल्यामुळे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अनेक ॲम्प्लिफायरना दोनच तारांची केबल असे आणि गुणगुण कमी करण्यासाठी एका तारेतून चासीकडे (सगळे भाग ज्यावर बसवतात त्या धातूच्या सांगाड्याकडे) साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) दिलेला असे. तो ठणठणीत असतानाही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यातून जवळजवळ साडेतीन मिलिॲम्पिअर प्रवाह वाहू शकतो, ज्याने हाताला झिणझिण्या येतात. आणि तो शॉर्ट झाला, तर पूर्ण चासीच फेजला जोडली जाते. गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात त्याला ‘मृत्यूचा कपॅसिटर’ असे नाव पडले, ते उगाच नाही.

गिटार ॲम्प्लिफायर हे टोस्टरपेक्षा वेगळे प्रकरण का आहे, हे इथे समजून घ्यावे. गिटारच्या तारा केबलच्या बाहेरच्या जाळीमार्गे चासीलाच जोडलेल्या असतात. वादकाचे दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात, हात घामेजलेले असतात आणि गाणारा असेल तर ओठ मायक्रोफोनला टेकलेले असतात. दोन उपकरणांपैकी एकाच्या चासीवर वीज उतरली, की प्रवाहाचा मार्ग थेट छातीतून जातो. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथे मंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्युमुखी पडला.

म्हणून तीन तारांची केबल आणि चासीला पक्के जोडलेले अर्थिंग याला पर्याय नाही. अर्थिंगची हिरवी-पिवळी तार ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्या बोल्टलाच अडकवणे ही सोयीची पण चुकीची पद्धत आहे. स्पीकरच्या कंपनांनी तो बोल्ट सैल होतो. शिवाय पुढे कोणी ट्रान्सफॉर्मर बदलताना तार परत लावायला विसरू शकतो. माझ्या दुसऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये हा बोल्ट वर्षभरात बोटाने फिरण्याइतका सैल झाला होता आणि आवाजात तसूभरही फरक पडला नव्हता, म्हणजे झाकण उघडले नसते तर तो कळलाही नसता. अर्थिंगसाठी स्वतंत्र बोल्ट ठेवावा, त्याखालचा रंग खरवडून काढावा, रिंग टर्मिनल, दातेरी वॉशर आणि सैल न होणारा नट वापरावा. ही तार फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे केबल हिसकली गेली तरी ती सर्वांत शेवटी तुटेल. केबल कायमची जोडलेली असेल तर ती आतून घट्ट धरणारी पकड हवीच. नुसती गाठ मारून भागत नाही.

प्लगच्या अर्थिंग पिनपासून चासीपर्यंतचा रोध ०.१ ओहमच्या आत असावा. साध्या मल्टिमीटरने एवढा कमी रोध विश्वासाने मोजता येत नाही, कारण त्याच्या वायरींचाच रोध त्याहून अधिक असू शकतो; आणि तारेचा एकच बारीक धागा शिल्लक असला तरी मीटर ‘ठीक आहे’ असेच सांगतो. म्हणून मोठा प्रवाह, साधारणपणे २५ ॲम्पिअर, सोडून तपासणाऱ्या उपकरणाने ही चाचणी करून घ्यावी. विक्रीसाठीचा नग असेल तर ही चाचणी ऐच्छिक मानू नये.

गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंग काढणे

‘अर्थिंगची पिन काढली की गुणगुण थांबते’ हे निरीक्षण खरे आहे आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. गुणगुण बहुतेक वेळा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणाऱ्या वर्तुळामुळे किंवा आतल्या ग्राउंडच्या (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूच्या) जोडण्या विस्कळीत असल्यामुळे येते. पॉवर सप्लायच्या पहिल्या कपॅसिटरचे ग्राउंड प्रीॲम्पच्या (सुरुवातीला सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) ग्राउंडपासून दूर ठेवणे, फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या) तारा एकमेकींभोवती पिळून कोपऱ्यातून नेणे आणि सिग्नलचे ग्राउंड एकाच ठिकाणी चासीला जोडणे, हे त्यावरचे उपाय आहेत. सिग्नलचे ग्राउंड आणि चासी यांच्यामध्ये लहान रोध टाकण्याची पद्धत काही कारागीर वापरतात. त्यात वाद नाही, पण चासी आणि अर्थिंग यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. ‘ग्राउंड लिफ्ट’ असे लिहिलेला स्विच ठेवायचाच असेल, तर तो फक्त सिग्नलचे ग्राउंड सोडवणारा असावा.

फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे

चालू करताक्षणीच उडणारा फ्यूज अनेकदा चुकीच्या प्रकाराचा असतो. ट्रान्सफॉर्मर सुरुवातीला मोठा प्रवाह खेचतो, म्हणून इथे सावकाश उडणारा, ‘टी’ खुणेचा फ्यूज लागतो. योग्य प्रकारचा फ्यूजही उडत असेल, तर तो दोष दाखवत आहे असे समजावे आणि सिरीज बल्ब (पुरवठ्याच्या तारेत मध्येच जोडलेला दिवा) लावून शोध घ्यावा: सर्व व्हॉल्व्ह काढूनही बल्ब प्रखर पेटत राहिला तर रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग), कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्याकडे पाहावे; आउटपुट व्हॉल्व्ह बसवल्यावरच तसा पेटू लागला तर दोष त्यांच्यात किंवा त्यांच्या बायसमध्ये (त्यांचा स्थिर प्रवाह ठरवणाऱ्या व्होल्टेजमध्ये) आहे. फ्यूज फेजच्याच तारेवर असावा आणि फ्यूजहोल्डरच्या आतल्या टोकाच्या टर्मिनलला फेज जोडावा, म्हणजे फ्यूज बदलताना बोट जिवंत भागाला लागत नाही. मागच्या पट्टीवर फ्यूजचा आकडा आणि प्रकार दोन्ही छापावेत.

कपॅसिटरचे गणित आणि साठून राहणारी वीज

३५०-०-३५० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून मिळणारे शिखर व्होल्टेज सुमारे ४९५ असते. व्हॉल्व्ह थंड असताना भार नसल्यामुळे पहिल्या कपॅसिटरवर हे सगळेच्या सगळे येते, आणि मुख्य पुरवठा १० टक्क्यांनी वाढला तर ते ५४५ च्या घरात जाते. चालू स्थितीत मोजलेले ४२० व्होल्ट पाहून ४५० व्होल्टचा कपॅसिटर बसवणारा कारागीर नेमका इथे फसतो. अशा ठिकाणी ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये घेऊन प्रत्येकावर २२० किलोओहमचा रोध दिला, तर व्होल्टेज समान वाटले जाते आणि बंद केल्यावर साठा रिकामाही होतो.

हा साठा किरकोळ नसतो. १०० मायक्रोफॅरडवर ४५० व्होल्ट असतील, तर सुमारे १० ज्यूल ऊर्जा साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच राहते. त्यावर २२० किलोओहमचा एक रोध असेल, तर सुमारे ५० सेकंदांत व्होल्टेज ५० च्या खाली येते. हा रोध जवळजवळ एक वॉट उष्णता सतत सोसतो, म्हणून तो दोन-तीन वॉटचा आणि तेवढे व्होल्टेज सहन करणारा घ्यावा. स्टँडबायचा स्विच (व्हॉल्व्ह तापलेले ठेवून फक्त उच्च व्होल्टेज तोडणारा) मध्ये असल्यास तो बंद असतानाही साठा रिकामा होईल अशा जागी रोध लावावा. त्या स्विचच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निसटते: एसीसाठी २५० व्होल्टचा असलेला स्विच ४०० व्होल्ट डीसी तोडताना आतल्या आत ठिणग्या पाडतो.

स्पीकरची केबल निघून आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळणे टाळण्यासाठी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला केबल नसताना आपोआप शॉर्ट होणारा जॅक द्यावा. सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरला मात्र तो चुकूनही देऊ नये. व्हॉल्व्हसमोर जाळी असावी आणि उच्च व्होल्टेजपर्यंत पोहोचायला पेचकस लागलाच पाहिजे.

मानके, विमा आणि नोंदी

श्राव्य उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी पूर्वी ‘आयईसी ६००६५’ हे मानक होते. त्याची जागा ‘आयईसी ६२३६८-१’ने घेतली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील संदर्भ तपासून घ्यावेत. युरोपच्या कमी व्होल्टेजविषयक निर्देशाची कक्षा ५० ते १००० व्होल्ट एसी आणि ७५ ते १५०० व्होल्ट डीसी अशी आहे, म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सरळसरळ त्यात बसतो. संपूर्ण प्रयोगशाळा-चाचणी एकट्या कारागिराला परवडणारी नसली, तरी नव्या मानकामागचा विचार बांधणीत उतरवता येतो: अनभिज्ञ माणूस आणि घातक ऊर्जा यांच्यामध्ये किमान दोन अडसर असावेत, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा उभा राहील.

विमा घेताना ‘हस्तकला’ असे मोघम न लिहिता मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारी उपकरणे विकतो, असे स्पष्ट लिहून द्यावे. माहिती दडवली तर नेमक्या वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो. घराच्या विम्यात विक्रीतून उद्भवणारे दावे सहसा धरलेले नसतात. पॉलिसी अपघाताच्या तारखेवर चालते की दावा दाखल होण्याच्या तारखेवर, हेही विचारावे, कारण दुसऱ्या प्रकारात पॉलिसी बंद केल्यावर आलेला दावा उघडा पडतो आणि ॲम्प्लिफायर तर वीस वर्षे वापरात राहतो. कंपनी स्थापन केल्याने सगळे मिटते, असेही नाही. ज्याच्या हातून चुकीची जोडणी झाली तो स्वतः अनेक ठिकाणी जबाबदार राहतोच.

प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाखाली आतील जोडण्यांची छायाचित्रे, अर्थिंगचा रोध, इन्सुलेशनची चाचणी, बायसचे आकडे आणि वापरलेल्या ट्रान्सफॉर्मरची माहिती जपून ठेवावी. यंत्र कोणत्या अवस्थेत हातातून गेले हे त्यावरून दाखवता येते. एखाद्या जातीच्या भागात नंतर दोष आढळला तर कोणाकोणाला कळवायचे, हेही समजते. आणि चौथ्या वापरकर्त्याने आत काही बदलले असेल तर तेही छायाचित्रावरून उघड होते.

एवढ्या तयारीचा आवाका वाटत नसेल, तर प्रमाणित बाह्य ॲडॅप्टरवर चालणारे २४ व्होल्टचे ॲम्प्लिफायर विकून सुरुवात करावी. त्यात मुख्य वीजपुरवठा पेटीच्या आत येतच नाही, ॲडॅप्टरच्या चाचणीचा भार त्याच्या निर्मात्यावर असतो आणि आपल्याकडे उरतात ते तापमान, फ्यूज आणि ध्रुवता हे तुलनेने सोपे प्रश्न. व्हॉल्व्हचा नग ज्यांनी आधीच विकला आहे, त्यांनी तो दुरुस्तीसाठी परत आला की आवाज ऐकण्यासाठी घाईने प्लग लावू नये. मधल्या काळात कोणी पिन कापली आहे का, कोणी फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळला आहे का, हे आधी पाहावे आणि अर्थिंगचा रोध मोजून जुन्या नोंदीशी ताडून घ्यावा.