न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मोफत पाहण्यासाठी

न्यूयॉर्क एका दिवसात पाहायचे असल्यास स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर जाण्यात, तिकीट आणि सुरक्षा तपासणीच्या रांगा धरून, अर्धा दिवस सहज जातो. पुतळा पाण्यावरून पाहणे पुरेसे असेल, तर मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील व्हाइटहॉल टर्मिनलवरून सुटणारी, चोवीस तास चालणारी आणि पूर्णपणे मोफत असलेली स्टेटन आयलंड फेरी घ्यावी. जाताना उजव्या बाजूला उभे राहावे, कारण पुतळा त्याच बाजूने दिसतो. सुमारे २५ मिनिटांनी स्टेटन आयलंड बेटावरील सेंट जॉर्ज टर्मिनलवर सर्वांना उतरावेच लागते. तेथून परतीच्या बोटीत चढून डावी बाजू धरावी. शक्य असल्यास सूर्यास्ताची वेळ निवडावी, परतताना दिवे लागलेले मॅनहॅटन समोर येते आणि ते दृश्य खरोखर चुकवू नये असे आहे. टर्मिनलबाहेर कोणी या फेरीचे तिकीट विकू लागल्यास मात्र मुळीच पैसे देऊ नयेत.