शेतकरी कुटुंबाच्या आहाराचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

शेती आणि पोषण यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे भरलेले फॉर्म माझ्याकडे तपासायला येतात. आकडेमोड बहुधा ठीक असते. घोळ झालेला असतो तो त्याआधी, ओसरीवर बसून प्रश्न विचारताना.

सगळ्यात महागात पडतो ‘भाजी’ हा शब्द. “काल काय जेवलात?” “भाजी-भाकरी.” की भाजीच्या रकान्यात खूण! पण अन्न व कृषी संघटनेच्या स्त्रियांसाठीच्या आहारवैविध्य निकषात बटाट्याची भाजी भाकरीच्याच गटात जाते. मटकीची असेल तर कडधान्यांत, मेथीची असेल तर गडद हिरव्या पालेभाज्यांत. गट एकूण १०. १५ ते ४९ वयाच्या बाईने आदल्या दिवस-रात्रीत त्यांतले निदान ५ खाल्ले का, एवढंच पाहायचं. त्यामुळे एक खूण चुकली तरी निकाल फिरतो.

म्हणून सकाळच्या चहापासून निजेपर्यंत क्रमाने विचारा आणि पदार्थ फोडून घ्या. कशाची भाजी? कूट घातलं होतं? शेंगदाण्याचा गट वेगळा आहे. मात्र १५ ग्रॅमपेक्षा कमी पोटात गेलेलं धरायचं नाही, म्हणजे बोटभर चटणी किंवा चहातलं चमचाभर दूध गेलं. आणि ‘जेवलात’ नको, ‘खाल्लं’ म्हणा. खुरपताना खाल्लेली बांधावरची बोरं कोणी जेवणात सांगत नाही. उत्तर त्या बाईकडूनच घ्या. “आम्ही सगळं खातो” हे मालकांचं उत्तर असतं, आणि त्यांचं ताट आधी वाढलेलं असतं.

अख्खं गाव एका दिवसात उरकू नका. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर घरोघरी पालेभाजी, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर साबुदाणा. हंगामाचंही तेच: सुगीनंतरच्या जानेवारीतलं घर श्रावणात तसं नसतं.

जमिनीच्या रकान्यात एक चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता फॉर्म हातात आला की आधी तीच शोधतो. शेतकरी सांगतो, “एक एकर वीस गुंठे.” फॉर्मवर १.२० एकर. एकराचे गुंठे ४०, म्हणजे खरं क्षेत्र दीड एकर. सोयाबीन ९ क्विंटल झालं असेल तर एकरी उतारा ६ चा साडेसात होतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, तिथे वीस आर म्हणजे ०.२० हेक्टर हे बरोबर. गोंधळ तिथूनच येत असावा. एकर आणि गुंठे यांना दोन वेगळे रकाने ठेवा.

सातबारा एक म्हणून कुटुंब एक, असंही नाही. भावांची चूल वेगळी असेल तर कुटुंबं दोन.

दोन मुदतींचे प्रश्न शेजारी ठेवण्याचा मोह मोठमोठ्यांनाही झाला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत अन्नखर्च ७ आणि ३० दिवसांसाठी एकाच फॉर्मवर विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाल्याची शंका आली, आधीच्या फेऱ्यांशी तुलना अवघड झाली आणि गरिबीच्या आकड्यांवरून कित्येक वर्षं वाद चालला.

फॉर्म आधीच भरून झाले असतील तर क्षेत्र फोन करून पुन्हा विचारता येतं. काल काय खाल्लं, हे महिन्याने विचारू नका. तो रकाना कोरा सोडा.